माणिकबागेला सिंगल बेल

मी पोपट कंडक्टरचा तिकीट पंच बोलतोय. हसू नका. पंच म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, कोणी न्यायनिवाडा करणारे वडीलधारे गृहस्थ असतील. तसलं काही नाही. मी लोखंडी चिमटा आहे. तिकिटाला भोक पाडणं, एवढंच माझं शिक्षण.

चाळिशी ओलांडलेल्यांनी मला ऐकलेलं आहे. गच्च भरलेल्या बसमध्ये मागून 'टिक टिक, टिक टिक' असं वाजत यायचं, आणि ज्यांनी तिकीट काढलेलं नसायचं त्यांना अचानक खिडकीबाहेरचं पुणे फार आवडायला लागायचं. ते वाजणं माझं. आता मशीन आलंय. त्यातून कागदाची सुरळी बाहेर पडते आणि दहा मिनिटांत आपोआप पुसट होते. असो. मी कोणाबद्दल वाईट बोलत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्माच्या वेळी फार आवाज होता. डेपोच्या स्टोअरमधून पोपट ओव्हाळ नावाच्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या हाती मला दिलं, ते साल चौऱ्याऐंशी. खाकी शर्ट त्याला दोन मापांनी मोठा होता. मला वाजवून बघताना त्यानं पहिलं भोक पाडलं ते स्वतःच्या खिशाला. तेव्हाच मी ओळखलं, याच्याबरोबर दिवस मजेत जाणार.

रूट स्वारगेट ते खडकवासला. ड्रायव्हर अय्युब शेख, राहणार येरवडा. तीस वर्षं ही जोडी टिकली. आमच्या बसचा सगळा संसार दोन शब्दांवर चालायचा. सिंगल म्हणजे दोरी एकदा ओढायची, बस थांबते. डबल म्हणजे दोनदा ओढायची, बस निघते. अय्युब म्हणायचा, "नवरा-बायकोत एवढी स्पष्टता असती तर कोर्टं बंद पडली असती."

आता एक खासगी गोष्ट सांगतो. पुढे जो गोंधळ झाला तो हिच्यामुळेच झाला, म्हणून सांगतो, नाहीतर मला चुगल्या करायची सवय नाही.

पोपटरावांच्या बायकोचं माहेरचं नाव माणिक. लग्न होऊन घरात आली, तर थोरल्या जाऊबाईंचं नावही माणिक. सासूबाई म्हणाल्या, "एका हाकेला दोघी धावत आल्या तर चुलीवरची भाकरी करपायची. हिला राधा म्हणा." झालं! पोरगी दोन दिवस रडली. पोपटराव आईपुढे ब्र काढू शकले नाहीत. पण राधा अशी हाकही त्यांनी कधी मारली नाही. आधी 'अगं' आणि नंतर 'समाधानची आई'. राधाबाईंचे आई-वडील गेले, भाऊ गेला, आणि माणिक म्हणणारं कोणी उरलं नाही.

पण आमच्या रूटवर माणिकबाग नावाचा थांबा होता! घरात जे नाव घ्यायची सोय नव्हती ते पोपटराव दिवसातून आठ वेळा भर बसमध्ये मोठ्यानं घ्यायचे, आणि त्याचा पगारही उचलायचे. 'माणिक' अगदी सावकाश, आणि 'बाग' कसंबसं उरकून टाकल्यासारखं. उतरायला कोणी असो नसो, सिंगल द्यायचे. बस थांबायची. कोणी उतरायचं नाही. अय्युब आरशातून डोळे वटारायचा. पोपटराव मला तोंडाशी धरून हळूच म्हणायचे, "माणिक." मग डबल.

राधाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना बस लागते, त्यामुळे त्या आमच्या बसमध्ये कधी बसल्याच नाहीत.

पुढे मशीन आलं. स्टोअरवाल्यानं मला परत घ्यायचंही नाकारलं. "भंगार आहे, घरी घेऊन जा," म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला! मग पोपटराव निवृत्त झाले आणि मी बिबवेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलो. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या, रबरबँड आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. संगत म्हणून बरी होती, पण बोलायला कोणी नाही.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला ड्रॉवरमध्ये कप फुटल्याचा आवाज आला. मग राधाबाईंचा आवाज, "अहो, असं काय तोंड करताय?" मग धावपळ. सून पूर्वा म्हणत होती, "आई, पाणी पाजू नका, ठसका लागेल. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. समाधान, लिफ्ट धरून ठेव." त्यानंतर बारा दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. मी ड्रॉवरमध्ये गंज धरत बसलो. मला भीती वाटत होती, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

तेराव्या दिवशी पोपटराव घरी आले. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, आणि वाचाही. म्हणजे पूर्ण गेली नव्हती. दोन गोष्टी शिल्लक होत्या. कोणी जयभीम घातला की उलट "जयभीम" अगदी खणखणीत यायचं. आणि बाकी सगळ्या जगासाठी एकच वाक्य, "पुढे सरका."

"बाबा, चहा हवा का?"

"पुढे सरका."

"डोकं दुखतंय का?"

"पुढे सरका."

वरच्या मजल्यावरचे बापूराव भेटायला आले. म्हणाले, "नाव पोपट, आणि तोंडात एकच वाक्य. नावाला जागला गडी." राधाबाईंनी त्यांना चहा विचारला नाही. पण पोपटराव त्यांच्याकडे बघून "पुढे सरका" म्हणाले आणि बापूराव सरकले. खरं तर पुणेकराला कोणी सरका म्हटलं की तो आधी कारण विचारतो. पण आजारी माणसाशी वाद कसा घालणार? पोपटराव म्हणत राहिले, बापूराव सरकत राहिले. वीस मिनिटांनी ते बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि कोरफडीच्या कुंडीच्या मध्ये उभे राहून आतल्या पेशंटची विचारपूस करत होते. मग ही रीतच पडली. जो येईल तो सोफ्यावर सुरुवात करायचा आणि बाल्कनीत संपायचा. तपासायला आलेले डॉक्टरसुद्धा एकदा स्टुलासकट दोन फूट सरकले, आणि मग स्टेथोस्कोप पुरेना.

पूर्वा थर्मामीटरसाठी बॅटरी शोधत होती तेव्हा मी तिच्या हाताला लागलो. ती घरून काम करते, कॉम्प्युटरवर, दिवसभर कानात काहीतरी घालून. तिनं मला पुसलं आणि पोपटरावांच्या डाव्या हातात दिलं. "बाबा, तुमचं जुनं टूल."

काय सांगू! डावा हात माझ्या ओळखीचा नव्हता. आमचं सगळं काम उजव्या हाताशी. तरी त्यानं मला धरलं आणि दाबलं. टिक टिक. इतक्या दिवसांत पोपटरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळख दिसली. राधाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

त्या दिवसापासून ओव्हाळांचं घर बसच्या नियमावर चालू झालं. टिक म्हणजे थांबा. टिक टिक म्हणजे निघा. राधाबाई खिचडीचा चमचा तोंडाशी नेत, टिक झाली की चमचा हवेतच थांबे. समाधान ऑफिसला निघताना दारात बूट घालून उभा राही आणि डबल मिळाल्याशिवाय बाहेर पडत नसे. तो सरकारी कचेरीत कारकून आहे, नियम म्हटला की त्याला हुरूप येतो. एकदा पोपटरावांना दुपारी डुलकी लागली आणि समाधान अर्धा तास उंबऱ्यात उभा राहिला.

मला एक प्रतिस्पर्धीही आला. फिजिओथेरपीवाल्यांनी उजव्या हातासाठी रबराचा पिवळा चेंडू दिला होता. त्याच्यावर हसरं तोंड छापलेलं. दाबला तरी हसतो, आपटला तरी हसतो. असल्या माणसाशी मला बोलताच येत नाही.

मग आल्या शर्मिला मॅडम. बोलणं शिकवणाऱ्या. स्पष्ट बाई. पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून म्हणाल्या, "हे काही वेडे झालेले नाहीत. त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, पण हवा तो हाताला लागत नाहीये. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. चुकीचं बोलू देत, भलतंच बोलू देत, पण गप्प बसू देऊ नका. एकदा गप्प बसले की पुन्हा उठवणं अवघड जातं."

मग त्यांनी पोपटरावांबरोबर बुद्धवंदना सुरू केली. आणि काय आश्चर्य! पोपटराव पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणाले. समाधानच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानं लगेच विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" पोपटराव म्हणाले, "पुढे सरका."

"असंच असतं," मॅडम म्हणाल्या. "वर्षानुवर्षं एका रांगेत म्हटलेलं तोंडात बसलेलं असतं. ते येतं. सुटा शब्द येत नाही. अजून काही आहे का असं, रोज म्हणायचे?"

राधाबाई दारातून म्हणाल्या, "स्वारगेटपासून घेऊ का?"

कोणाला काही कळेना. त्यांनी पोपटरावांसमोर बसून फक्त सुरुवात करून दिली, "स्वारगेट..."

आणि पोपटराव निघाले! सारसबाग, दांडेकर पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, कोल्हेवाडी, खडकवासला. एकही थांबा गाळला नाही. शेवटी मला दोनदा वाजवलं आणि थकून मान मागे टाकली. घरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजलो असतो, पण मला दाबावं लागतं.

पूर्वाच्या डोक्यात तिथंच कल्पना आली. थांबे येतात ना? मग एकेका थांब्याला घरातली एकेक वस्तू द्यायची. बाबा स्वारगेटहून निघतील आणि जे हवं असेल तिथे सिंगल देतील. तिनं तक्ता बनवला, रंगीत छापला आणि फ्रिजवर चिकटवला. दांडेकर पूल म्हणजे पाणी. राजाराम पूल म्हणजे चहा. विठ्ठलवाडी टीव्ही. हिंगणे पंखा. आनंदनगर झोप. किरकटवाडीला द्यायला काही उरलं नव्हतं, तिला लिंबाचं लोणचं दिलं.

अडचण एकच होती. मध्येच चढता येत नव्हतं. नुसता पंखा हवा असला तरी पोपटरावांना स्वारगेटवरूनच निघावं लागायचं. चुकून थांबा मागे पडला तर खडकवासल्यापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. एकदा चहाच्या नादात पुढे गेले आणि लोणचं मिळालं. नुसतं लोणचं, वाटीत. त्यांनी ते खाल्लं, काय करणार!

माणिकबागेला काय द्यायचं, हे मात्र कोणी ठरवलं नाही. ते झालं.

तक्ता लागला त्या सकाळी पोपटरावांनी दोन कप चहा घेतला होता. राधाबाई समोर बसून त्यांच्या पायाला तेल लावत होत्या. त्यांच्याकडे बघत पोपटराव निघाले. स्वारगेट, सारसबाग, एकेक करत माणिकबागेला आले. "माणिक" सावकाश. "बाग" उरकून. टिक. आणि राधाबाईंकडे बघत राहिले.

मला सगळं कळलं. चाळीस वर्षांचा माझा अनुभव आहे. मी ओरडून सांगणार होतो, "अहो, तुम्हाला हाक मारतायत ते!" पण माझी सगळी वाचा म्हणजे टिक.

राधाबाईंचा हात क्षणभर पोटरीवरच थांबला. मग त्यांनी समाधानकडे बघितलं. समाधान म्हणाला, "टॉयलेटला लागली असणार. दोन चहा झालेत." दोघांनी पोपटरावांना उठवलं, धरून नेलं, आणि झालंही तसंच. दोन चहा झाले होते हो! कारकुनाला एक पुरावा पुरतो. समाधाननं पेन घेतलं आणि तक्त्यावर माणिकबागेपुढे लिहिलं, 'संडास'.

"चालेल ना, आई?"

"चालेल," राधाबाई म्हणाल्या. "त्या नावाला आता कोण विचारतंय?" पण हे त्या तेलाच्या बाटलीला म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर जे झालं त्यावर हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा. पोपटरावांना आयुष्यात पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारायची होती. तोंडात दुसरं काही येत नव्हतं, ते नाव येत होतं, तेही सात थांबे ओलांडून. ते दमत-भागत तिथपर्यंत पोचायचे, सिंगल द्यायचे, आणि दोन माणसं त्यांना काखेत धरून संडासात नेऊन बसवायची. बाहेरून नळ सोडायची. "होऊ द्या सावकाश," म्हणायची. पोपटराव आतून मला वाजवायचे. टिक टिक! टिक टिक! म्हणजे निघा, निघा इथून!

"झालं वाटतं," समाधान म्हणायचा.

परत खुर्चीत आणून ठेवलं की पोपटराव पुन्हा स्वारगेटवर. पुन्हा माणिकबाग. पुन्हा संडास. एका सोमवारी नऊ वेळा. पूर्वानं कॉम्प्युटरवर त्याचा आलेख काढला. रेघ वर वर चालली होती. ती काळजीनं म्हणाली, "ट्रेंड चांगला नाहीये, हं."

मग लघवीचे डॉक्टर झाले. साखर तपासली. सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" पोपटरावांनी चिडून स्वारगेटपासून सुरुवात केली. डॉक्टर नवे होते, त्यांना वाटलं पेशंट पत्ता सांगतोय. "सिंहगड रोडला राहता का?" म्हणाले. रिपोर्ट सगळे छान आले. त्यावर उपाय म्हणून पाणी कमी करा असं सांगितलं. म्हणजे दांडेकर पुलावरही बस थांबेना.

आणि मग एका रविवारी समाधान मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट घेऊन आला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईची कंबर गेली होती उचलून उचलून, ते त्याला बघवत नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आईला त्रास होतो ना. म्हणजे आता माणिकबागेला उतरायची गरजच नाही."

पोपटरावांनी पाकिटाकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. आणि मला उचलून फेकलं.

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा! बस उलटायची वेळ आली होती दांडेकर पुलावर, तेव्हासुद्धा त्या माणसानं मला सोडलं नव्हतं. मी भिंतीवर आपटून सोफ्याखाली गेलो. तिथे तो पिवळा चेंडू आधीच येऊन पडलेला. हसत होता.

पोपटराव त्या दिवसापासून बोलले नाहीत. "पुढे सरका"सुद्धा नाही. बापूराव येऊन तासभर सोफ्यावर बसले तरी त्यांना कोणी सरकवलं नाही. शेवटी तेच अस्वस्थ होऊन आपणहून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. राधाबाई रोज सकाळी समोर बसून म्हणायच्या, "अहो, स्वारगेट... बघा, स्वारगेट..." पोपटराव भिंतीकडे बघायचे. असे अकरा दिवस गेले. शर्मिला मॅडम मुद्दाम येऊन बघून गेल्या आणि दारात बूट घालताना म्हणाल्या, "हे बरं नाही. असेच राहिले तर आलेलंही जाईल."

त्या दिवशी राधाबाई सोफ्यावर बसून रडल्या. मी बरोबर त्यांच्या खाली होतो. "माझंच काहीतरी चुकतंय," त्या पूर्वाला म्हणाल्या. "ते काहीतरी मागतायत आणि मला बाईला ते कळत नाही. एवढी वर्षं काय संसार केला मी?" मी सोफ्याखाली पडून होतो. माझ्यासारखा शहाणा साक्षीदार असून उपयोग काय!

बाराव्या दिवशी अय्युब आला. इतके दिवस तो सोलापूरला लेकीकडे होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून. नवा चष्मा, पांढरी दाढी. आल्या आल्या पोपटरावांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. डोळे भरले. पण बोलता येईना त्याला.

"वहिनी," शेवटी म्हणाला, "मला याच्याशी समोरून बोलता येत नाही. तीस वर्षं मी पुढे बघून बोललो, हा मागून बोलला. तोंडं समोरासमोर आली की आम्ही दोघं लाजतो. एक खुर्ची द्या, आणि एक ताट."

खुर्ची आली. अय्युबनं ती पोपटरावांकडे पाठ करून ठेवली. स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरलं. बसताना त्याचा पाय सोफ्याखाली गेला आणि अंगठ्याला काहीतरी लागलं. वाकून त्यानं मला बाहेर काढलं. जाळी झटकली.

"अरे! हा जिवंत आहे अजून?"

या घरात मला आजवर इतक्या आपुलकीनं कोणी विचारलं नव्हतं. त्यानं मला खांद्यावरून मागे दिलं, न बघता, तीस वर्षं सुट्या तंबाखूची पुडी द्यायचा तसं. पोपटरावांच्या डाव्या हातानं मला घेतलं. सवयच ती.

"पोपटराव, टाइम झाला. डबल द्या."

काही झालं नाही. अय्युबनं तोंडानं इंजिन चालू केलं, घुर्रर्र. पासष्टीतला माणूस, पण आवाज हुबेहूब. "अहो कंडक्टर! मागं झोपलात का? पब्लिक बोंबलतंय."

टिक टिक.

"स्वारगेट," पोपटराव म्हणाले. घोगरा, पण आवाज आला.

अय्युब ताट फिरवत निघाला. सारसबागेला डावीकडे झुकला. दांडेकर पुलावर कोणा रिक्षावाल्याला त्यानं एक शिवी दिली आणि राधाबाईंकडे वळून "माफ करा वहिनी" म्हणाला. राजाराम पूल गेला, विठ्ठलवाडी गेली. राधाबाई स्वयंपाकघराच्या दारात, हात कणकेचे. हिंगणे. आनंदनगर.

"माणिक... बाग."

टिक.

समाधान ताबडतोब पुढे धावला. "चला बाबा, उठा! पूर्वा, तू डावीकडून धर."

"ए! थांब!" अय्युबनं ताटावर हात आपटून ब्रेक मारला. "कुठे नेतोस त्याला?"

"संडासला. काका, तक्त्यात आहे."

"कसला तक्ता? अरे, हा इथे कायम सिंगल देतो! तीस वर्षं देतोय. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही, आणि माझी बस उभी. एकदा मी वैतागून विचारलं, बाबा रे, इथे तुझं कोण राहतं? तर म्हणाला, राहत कोणी नाही, नाव आहे. मी म्हटलं कोणाचं? तर लाजला आणि डबल दिली."

समाधाननं फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं. मिक्सरवर ठेवलेलं झाकण घरंगळून पडलं.

राधाबाई दारातून पुढे आल्या. कणकेचे हात तसेच. पोपटरावांच्या खुर्चीपुढे खाली बसल्या. एवढ्या वर्षांत या बाईच्या तोंडावर मी कधी असं काही बघितलं नव्हतं.

"अहो... ते नाव... माझं घेत होता का?"

पोपटरावांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. मला त्या हातात ठेवलं, त्याची बोटं एकेक करून माझ्यावर मिटली आणि वरून डावा हात धरला. दाब कोणाचा हे मला कळतं. तीन हिस्से डाव्याचा होता. एक हिस्सा उजव्याचा होता. शपथेवर सांगतो, होता.

ते स्वारगेटवरून निघाले नाहीत. खूप वेळ लागला. ओठ थरथरले, मानेची शीर ताठ झाली.

"माणिक," पोपटराव म्हणाले.

आम्ही सगळे 'बाग'ची वाट बघत होतो. ती आली नाही. त्याऐवजी त्यांनी मला दाबलं. पूर्ण टिक नव्हती, 'टि' एवढीच झाली. पण बस थांबली.

आता शेवटचं सांगतो आणि तुम्हाला उतरू देतो. डायपरचं पाकीट माळ्यावर गेलंय. तक्ता बदललाय. संडास वडगाव फाट्याला हलवला, त्याला समाधाननं रीतसर तारीख घालून सही केली. पोपटराव काठी घेऊन हॉलमध्ये चार पावलं टाकतात. सुटे शब्दही येतात आता, 'चहा', 'नको', आणि बापूरावांसाठी 'बसा'. माझा जबडा गंजलाय, भोक नीट पडत नाही, तरी रोज सकाळी उजव्या हाताला मलाच द्यावं लागतं. पिवळा चेंडू बघत बसतो. हसतो, पण मला माहीत आहे काय ते.

एक मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या घरात कोणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर त्याला काखेत धरून घाईघाईनं नेऊ नका. जरा बसा त्याच्यापुढे. त्याला कुठे उतरायचंय ते त्याच्या तोंडाकडे बघून विचारा. मी लोखंडाचा, माझं कोण ऐकणार म्हणा. तरी सांगून ठेवतो.

आणि हो, त्या दिवशी पुढे काय झालं ते राहिलंच. पोपटरावांनी नाव घेतलं, मी अर्धा वाजलो, अय्युब ताट धरून पाठमोराच रडत होता. एक्केचाळीस वर्षांत त्या नावानं त्या बाईला या घरात कोणी हाक मारली नव्हती. राधाबाईंनी कणकेचे हात तसेच नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवले, मान खाली घातली आणि माहेरी द्यायच्या तशी ओ दिली.

"ओ."